पोर्ट ऑफ स्पेनमध्ये काय खायचं आणि कसं मागायचं

ती. आई-बाबा,
सा. न.

डिसेंबरची तिकिटं झाली, आता खाण्यापिण्याचं सविस्तर लिहून ठेवते. फोनवर सांगितलेलं तुम्ही विसरता आणि मग पुन्हा विचारता. आई, "तिकडे मला काही मिळेल का?" ही तुझी काळजी आधी मिटवते. त्रिनिदाद बेटाच्या या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. उलट भारी रेस्टॉरंटात तुझी पंचाईत होईल, रस्त्यावर होणार नाही.

कारण जुनं आहे. ३० मे १८४५ ला 'फातेल रझाक' जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन इथे लागलं आणि १९१७ पर्यंत ऊसमळ्यांसाठी १ लाख ४० हजारांहून जास्त माणसं आली. बहुतेक भोजपुरी मुलखातली, त्यामुळे इथली हिंदुस्थानी चव आपल्याकडची नाही. मोहरी-कढीपत्त्याची फोडणी शोधू नका. इथे तेलात लसूण आणि जिरं करपायच्या बेताला आणून ते वरणावर ओततात. सेंट जेम्स भागात बॉम्बे स्ट्रीट, मद्रास स्ट्रीट, लखनौ स्ट्रीट असे रस्ते आहेत. बाबा, पाटीखाली फोटो काढायची हौस तिथे भागवून घ्या.

सकाळची सुरुवात डबल्सने करायची. दोन मऊ 'बारा' म्हणजे हळदीच्या पिवळ्या तळलेल्या पोळ्या, त्यावर पातळसर छोले. प्रिन्सेस टाउनच्या इमामूल दीन यांच्या घराण्याने १९३६ साली हा धंदा सुरू केला, असं इथे मानतात. गाडीवरच्या माणसाचा हात नीट बघा. कागदावर पहिला बारा टाकतो, दुसरा अर्धा त्यावर चढवून ठेवतो, मधोमध चमचाभर छोले, मग चिंचेची चटणी, काकडीचा कीस, शाडो बेनी या कोथिंबिरीच्या वासाच्या पाल्याची हिरवी चटणी आणि शेवटी तिखट. कागदाची दोन टोकं पिळून पुडी हातात देतो. गाड्या उजाडायच्या सुमारास लागतात आणि दहा-साडेदहाला सामान संपतं. साडेअकराला जाऊन "मिळालंच नाही" म्हणू नका. जवळ सुटे पैसे ठेवा आणि मागण्याआधी "गुड मॉर्निंग" म्हणा. न म्हणता थेट मागितलं तर इथे ते उद्धटपणात जमा होतं.

तिखटाचं मात्र लक्षपूर्वक वाचा. पुडी बांधण्याआधी तो "पेपर?" असं विचारेल, म्हणजे तिखट किती. तुम्ही दोघांनीही पहिल्या दिवशी "नो पेपर" म्हणायचं, दुसऱ्या दिवशी "स्लाइट". बाबा, कोल्हापुरी खाता म्हणून "मीडियम" सांगायला जाऊ नका. इथली मिरची स्कॉच बॉनेट जातीची, आणि याच बेटावरच्या मोरुगा गावाच्या नावाची स्कॉर्पियन मिरची २०१२ मध्ये जगातली सर्वांत तिखट ठरली होती, सरासरी १२ लाख स्कोव्हिल (तिखटपणाचं माप). झणका लगेच लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला कळतं आणि तोवर अर्धं खाऊन झालेलं असतं. पाणी पिऊन उपयोग नाही, दूध किंवा दही घ्या.

आई, बारा घरी करायचा असेल तर प्रमाण असं: २५० ग्रॅम मैदा (मोठ्या दोन वाट्या), अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, अर्धा चमचा जिरेपूड, एक चमचा इन्स्टंट यीस्ट, अर्धा चमचा साखर आणि पाऊण वाटी कोमट पाणी, लागलंच तर थोडं आणखी. पीठ हाताला चिकटेल इतकं सैल हवं. पुरीसारखं घट्ट मळलंस तर पुरीच होईल, कडक. तासभर झाकून ठेव, तेलाच्या हाताने सोळा गोळे कर, आणखी पंधरा मिनिटं थांब. लाटणं आणि कोरडं पीठ घेऊ नकोस, कोरडं पीठ तेलात जळून तेल काळं पडतं. तेलाच्या तळव्यावर चार-पाच इंचांचा थापायचा, चांगल्या गरम तेलात एका बाजूने दहा सेकंद, उलटून तेवढाच वेळ, आणि काढायचा. रंग येण्याची वाट पाहिलीस की बिघडलं. काढलेले बारे एकावर एक रचून कापडात गुंडाळ. त्यांच्याच वाफेने ते मऊ राहतात, सुटे ठेवले तर चिवट होतात. छोल्यांसाठी करी पावडर कोरडी न टाकता पाण्यात कालवून तेलात घालायची आणि पाणी आटून ती रवाळ दिसेपर्यंत परतायची. ही पायरी घाईने उरकली की मसाला कच्चा लागतो. शिजलेल्या छोल्यांपैकी चौथा हिस्सा डावाने ठेच. फार पातळ झाले तर बारा फाटतो, कोरडे राहिले तर घरंगळतात.

दुपारी रोटीचं दुकान. तिथे दोन प्रकार विचारतील. 'दालपुरी' ही पुरणपोळीसारखी भरलेली असते, पण सारण वाटाण्याच्या पिवळ्या डाळीचं, भाजलेलं जिरं आणि लसूण घातलेलं. 'बस-अप-शट' म्हणजे 'डबला' या लाकडी उलथन्यांनी तव्यावरच ठोकून चिंध्या केलेला पराठा, तो भाजीत बुडवून खायचा. आई, तुझ्यासाठी छोले, भोपळा, बोडी (आपल्या चवळीच्या शेंगा) आणि भाजी. 'भाजी' म्हणजे इथे पालेभाजीच, पण तिच्यात कधी खारवलेला कॉड मासा असतो, म्हणून "नो सॉल्टफिश?" हे विचारूनच घे. एक गुंडाळलेली रोटी तुम्हा दोघांना पुरते. बाबा, साखरेमुळे तुम्ही "नो पोटॅटो" सांगा, नाहीतर प्रत्येक रश्शात बटाटा ढीगभर येतो. तुमच्या न्याहारीला सर्वांत बरी ती सादा रोटी आणि बैगन चोका: विस्तवावर भाजून ठेचलेलं वांगं, वरून लसणाचं कडकडीत तेल. म्हणजे भरीतच.

क्रिओल जेवण, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या लोकांचं, बंदरालगत राइटसन रोडवरच्या ब्रेकफस्ट शेडमध्ये खा. नाव न्याहारीचं असलं तरी दुपारी बारा-एकच्या सुमाराला जावं. बाया आपापल्या स्टॉलमागे मोठ्या भांड्यांतून वाढतात, समोर समुद्र. कलालू मागा. डॅशिनची पानं, म्हणजे आपला अळूच, भेंडी, भोपळा आणि नारळाच्या दुधात शिजवून घोटलेला. आपण चिंच घालून अळूची खाज मारतो. इथे आंबट घालत नाहीत, पानं अर्ध्या-पाऊण तासावर शिजवून खाज घालवतात, म्हणून घाईत केलेला कलालू घशाला खाजतो. भांड्यात एक अख्खी स्कॉच बॉनेट तरंगत असते, फक्त वासासाठी. ढवळताना ती फुटली तर सगळं भांडं वाया, म्हणून वाढणारी बाई तिला डावाच्या पाठीने हळूच बाजूला सारते. आई, कलालूत खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं शेपूट असू शकतं, तांबड्या घेवड्याच्या उसळीतही. मॅकरोनी पायमध्ये अंडं असतं. दर वेळी विचार, त्यांना राग येत नाही.

बाबांसाठी पेलाव. तेलात साखर जवळजवळ काळी होईपर्यंत जाळतात, त्यात कोंबडी परततात, मग तांदूळ, नारळाचं दूध आणि तुरीचे हिरवे दाणे. साखर क्षणभर जास्त जळली तर भात कडू होतो, आणि लगबगीच्या जागी हे होतं. आधी चमचाभर चाखून बघा.

मराकस किनाऱ्यावर गाडीने पाऊण तास ते तास, डोंगरातून वळणांचा रस्ता. आई, तुझी गोळी आधी घे. तिथे बेक अँड शार्क: तळलेल्या पावात मसाला लावलेली मोरी, म्हणजे शार्क मासा. बाबा, मोरी नको वाटली तर किंगफिश मागा, ती सुरमईच्याच गोतावळ्यातली. पारा मोठ्या शार्कमध्ये साठतो तसा किंगफिशमध्येही साठतो, पण चवीला मला किंगफिशच बरी वाटते. चटण्यांचं टेबल वेगळं असतं. सगळ्या ओतल्या तर पाव भिजून हातात तुटतो. शाडो बेनी, चिंच आणि थोडी कोबी इतकं पुरे.

अरियापिटा अव्हेन्यूवर बसून खायची रेस्टॉरंटं आहेत, एखाद्या संध्याकाळी जाऊ. बिलात साडेबारा टक्के व्हॅट आणि बहुधा दहा टक्के सेवाशुल्क धरा. क्वीन्स पार्क सव्हाना या मोठ्या मैदानाच्या कडेला मात्र संध्याकाळी शहाळी आणि कॉर्न सूप मिळतं, ते मला जास्त आवडतं. सूपमध्येही डुकराचं शेपूट असतं कधी कधी, आई.

डिसेंबरात सॉरेल मिळेल. लाल अंबाडीच्या बोंडांचा लवंग-दालचिनी घालून केलेला थंड काढा, पण साखर भरपूर. बाबा, अर्धा ग्लास, तोही जेवणाबरोबर. मॉबी हे सालीचं कडवट पेय, पण तेही गोड करूनच विकतात. ब्लॅक केकमध्ये आणि पोंच द क्रेम या दुधाच्या पेयात रम असते, गोळ्यांच्या वेळा सांभाळा.

येताना हिंग आणि गोडा मसाला आणा, इथे शोधत फिरावं लागतं. ताजा कढीपत्ता, आंबे, बी-बियाणं मात्र बॅगेत टाकू नका, विमानतळावर काढून घेतात. तांदूळ, डाळी, नारळ, अळू, तुरीचे दाणे सगळं इथल्या बाजारात आहे. बाबा, तुमची साखर मोजायची पट्टी हातातल्या सामानात ठेवा.

तुमची,
चिऊ