एरिक फ्रॉम केवळ ‘प्रेमाचे तत्त्वज्ञ’ नव्हेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील मानवतावादी मानसशास्त्रावरचा लेख वाचला. मॅस्लो आणि रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांविषयी त्यात जे लिहिले आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्याच ओघात जर्मनीत जन्मलेले मनोविश्लेषक एरिक फ्रॉम यांना ‘प्रेमाचे तत्त्वज्ञ’ म्हणून दोन वाक्यांत उरकले आहे आणि पुढे आलेल्या आत्मविकासाच्या पुस्तकांच्या लाटेचे जनकत्वही त्यांच्या पदरात टाकले आहे. आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलेल्या माझ्यासारख्याला हे पटण्यासारखे नाही. फ्रॉम यांचे मानवतावादी मनोविश्लेषण माणसाला ‘स्वतःला सुधार’ असे सांगायला निघाले नव्हते. माणसाची रोजीरोटी, त्याचा वर्ग आणि त्याच्या घराची रीत त्याच्या नेणिवेत कशी मुरते, हे शोधायला ते निघाले होते, आणि तो शोध घेण्याची एक पद्धतही त्यांनी घालून दिली. लेखात नेमकी तीच गाळली गेली आहे.

फ्रॉम यांचा जन्म १९०० साली फ्रँकफुर्टमधील धर्मनिष्ठ ज्यू कुटुंबात झाला. १९२२ मध्ये त्यांनी हायडेलबर्ग येथे डॉक्टरेट मिळवली ती समाजशास्त्रात. मनोविश्लेषणाचे शिक्षण त्यांनी नंतर बर्लिनमध्ये पूर्ण केले. हा क्रम महत्त्वाचा आहे. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांची नेणीव (जाणिवेआडचे मन) आणि दमन (नकोशा इच्छा त्या मनात दडपणे) या कल्पना त्यांनी अखेरपर्यंत सोडल्या नाहीत, मात्र कामवासनेसारख्या सहजप्रेरणांचे समाधान हाच स्वभावाचा पाया आहे, हे त्यांनी नाकारले. माणूस जगाशी आणि इतर माणसांशी कोणत्या रीतीने जोडला जातो, यावर त्याचा स्वभाव घडतो. आणि ही जोडणी प्रत्येक जण स्वतंत्रपणे ठरवत नाही, तर एकाच परिस्थितीत जगणाऱ्या समूहात तिचा एक समान गाभा तयार होतो, असे त्यांचे म्हणणे होते. या गाभ्याला त्यांनी सामाजिक स्वभाव म्हटले. समाजव्यवस्था चालण्यासाठी लोकांना जे करावे लागते, तेच करावेसे वाटू लागते, ते या स्वभावामुळे.

हे केवळ तत्त्वचिंतन राहिले नाही. १९२९ पासून फ्रँकफुर्टच्या सामाजिक संशोधन संस्थेच्या वतीने फ्रॉम आणि हिल्डे वाइस यांनी जर्मन कामगार आणि नोकरदारांसाठी २७१ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. तिच्या सुमारे ३,३०० प्रती वाटल्या गेल्या, त्यांपैकी सुमारे १,१०० भरून परत आल्या, आणि नाझींमुळे संस्थेला कराव्या लागलेल्या स्थलांतराच्या धावपळीत गहाळ होता होता शेवटी हाती ५८४ उरल्या. त्यातले प्रश्न मुद्दाम वाचण्यासारखे आहेत. घराच्या भिंतींवर कोणती चित्रे लावली आहेत? मुलांना मार न देता वाढवता येते का? मित्राला पैसे किंवा वस्तू उसन्या देता का? आज राज्यात खरी सत्ता कोणाच्या हातात आहे? उत्तरे उत्तरदात्याच्या स्वतःच्या शब्दांत घेतली गेली आणि मनोविश्लेषक ज्या कानाने रुग्णाचे बोलणे ऐकतो, त्याच कानाने ती वाचली गेली. सत्तेविषयीचे उत्तर पक्षाच्या भूमिकेतून पाठ केलेले असू शकते. मुलाला मारण्याविषयीचे उत्तर देताना माणूस इतका सावध नसतो. डाव्या पक्षांच्या समर्थकांपैकी ज्यांचे राजकीय मत आणि ज्यांचा स्वभाव एकमेकांना पक्के धरून होते, असे सुमारे १५ टक्केच निघाले. उरलेल्यांत मोठा भाग अशांचा होता, ज्यांची निष्ठा कसोटीच्या वेळी टिकेलच, अशी खात्री देता येत नव्हती.

या अभ्यासाने हिटलरचे भाकीत केले, असे जे म्हटले जाते, ते मला अतिशयोक्त वाटते. उत्तरदाते यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडलेले नव्हते, आणि उत्तरांचा अर्थ लावण्यात वाचणाऱ्याची नजर शिरतेच. तरीही लोक कोणाला मत देतात यापलीकडे जाऊन त्या मतामागे उभे राहण्याची त्यांची मानसिक तयारी किती आहे, हे दुरून नव्हे तर घरातल्या भिंतीवरून तपासण्याचा तो पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक होता. संस्थेने तो त्या काळात पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला नाही; जर्मनीत तो छापला गेला १९८० साली, फ्रॉम यांच्या मृत्यूच्याच वर्षी. १९४१ चे त्यांचे ‘एस्केप फ्रॉम फ्रीडम’ आणि १९५० चा, त्याच संस्थेतील अडोर्नो व सहकाऱ्यांचा हुकूमशाही व्यक्तिमत्त्वावरील गाजलेला ग्रंथ या दोहोंच्या मागे हेच काम उभे आहे.

दुसरा अभ्यास मेक्सिकोतला. फ्रॉम १९५० मध्ये तिकडे राहायला गेले आणि तेथे त्यांनी मनोविश्लेषकांची एक पिढी घडवली. मायकेल मॅकोबी यांच्यासह त्यांनी मोरेलोस राज्यातील एका खेड्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. तो १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. मेक्सिकन क्रांतीनंतर तेथील शेतकऱ्यांना जमीन मिळाली होती, पण सर्वांना तिचा सारखा उपयोग करता आला नाही. ज्यांच्या घराण्यांनी जमीनदाराच्या उसाच्या मळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मजुरी केली होती, त्यांच्यात वरून काहीतरी मिळण्याची वाट पाहणारा, दबून राहणारा स्वभाव अधिक आढळला, आणि दारूचे व्यसनही त्या स्वभावाशी जोडलेले दिसले. भात किंवा भाजीपाल्यात अधिक पैसा असतानाही काही जण ऊसच लावत, कारण कारखान्याकडून मिळणारी हमी आणि सवलती त्यांना अधिक जवळच्या वाटत. ऊसपट्ट्यात राहणाऱ्या मला हा भाग वाचताना थांबावेच लागले. मात्र गरिबाच्या आळसावर बोट ठेवण्यासाठी हे संशोधन वापरणे म्हणजे त्याचा विपर्यास होय. मळ्यावरच्या गुलामगिरीत जगण्यासाठी जो स्वभाव उपयोगी पडला, तो मळा गेल्यावरही मागे उरला, असा त्याचा निष्कर्ष आहे. आणि म्हणून जमीनवाटपाबरोबर माणसाचा आत्मविश्वास वाढवणाऱ्या संस्थाही उभ्या कराव्या लागतात.

बाजारासाठी स्वतःलाच माल म्हणून मांडणाऱ्या व्यक्तिमत्त्वाचे वर्णन फ्रॉम यांनी १९४७ मध्येच केले होते. त्यांचा प्रभाव किती दूर गेला, याच्या दोन-तीन खुणा पुरेत. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरे यांनी शोषितांच्या शिक्षणाविषयी मांडणी करताना फ्रॉम यांचा आधार घेतला. अमेरिकेतील अण्वस्त्रविरोधी संघटना ‘सेन’ १९५७ मध्ये स्थापन झाली, तिचे नाव त्यांच्या ‘द सेन सोसायटी’ या ग्रंथावरून आले. मनोविश्लेषक कॅरेन हॉर्नी यांनी याच काळात मनोविकारांचे मूळ संस्कृतीत शोधले आणि स्त्रीविषयीच्या फ्रॉइडच्या समजुतींवर प्रश्न उभे केले. फ्रॉम आणि त्या एकमेकांकडून शिकले.

फ्रँकफुर्टच्या त्याच संस्थेतले तत्त्वज्ञ हर्बर्ट मार्क्यूज यांनी १९५५ मध्ये फ्रॉम यांच्यावर कठोर टीका केली: सहजप्रेरणांचा सिद्धान्त सोडून त्यांनी मनोविश्लेषणाची धार बोथट केली आणि माणसाला आहे त्या समाजातच सुखी होण्याचा उपदेश केला. उपदेशाचा सूर त्यांच्या काही पुस्तकांत नक्की आहे, हे मी मान्य करतो. परंतु ‘द आर्ट ऑफ लव्हिंग’मध्येही, ज्याच्या ओळी आज मोबाइलवर फिरतात, आधुनिक समाजात प्रेम का विघटित होते, यावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि भांडवली व्यवस्थेच्या तत्त्वाशी प्रेमाचे तत्त्व जुळत नाही, असे त्यात उघड म्हटले आहे. हे वाचूनही कोणी त्यांना सकारात्मक विचारांच्या रांगेत बसवत असेल, तर ते अपुऱ्या वाचनाचे लक्षण आहे.

माझी विनंती इतकीच आहे की, जर्मन कामगार आणि मेक्सिकोचे खेडे या दोन अभ्यासांवर आपण पुरवणीत स्वतंत्र लेख घ्यावा, आणि शक्य झाल्यास त्या प्रश्नावलीतील काही प्रश्न मराठीत छापावेत. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सर्वेक्षणाची कागदपत्रे भरताना ते फार उपयोगी पडतील.

आपला,
एक निवृत्त मानसशास्त्र अध्यापक,
कोल्हापूर