आई-बाबा, परत बोटीवर जाऊया

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, काल फोनवर तू बोलता बोलता म्हणालीस "आता माझं बोटीबिटीचं संपलं गं, तुम्ही जा, फोटो पाठवा" आणि लगेच विषय लोणच्यावर नेलास. पोरांचा गोंधळ चालू होता म्हणून तेव्हा काही बोलले नाही, पण रात्रभर ते डोक्यात राहिलं, म्हणून आता सगळं नीट लिहितेय. बाबा, मोठ्याने वाचून दाखवा तिला.

तुला वाटतंय की खुबा मोडला, ऑपरेशन करून त्यातला बॉल बदलला, म्हणजे क्रूझ गेली. मला नेमकं उलटं वाटतं. चारधाम म्हणालीस तर मीच नको म्हणेन, रोज नवं हॉटेल, रोज बॅगा बांधायच्या, बसच्या उंच पायऱ्या, कुठे कसलं बाथरूम मिळेल सांगता येत नाही. बोटीवर एकदा बॅग उघडली की उघडली, खोली तीच, वर-खाली जायला लिफ्ट, बसायला जागोजागी खुर्च्या, डॉक्टर बोटीवरच, आणि दमलीस की पलंगावर आडवी हो, गाव आपोआप पुढे सरकत राहतं. बऱ्या झालेल्या पायाला याहून सोयीचा प्रवास मला तरी माहीत नाही. फक्त बोट, खोली आणि बंदरं नीट बघून निवडायला हवीत, आणि ते काम माझं.

आणि खरं सांगू का, तुला समुद्र किती आवडतो ते मी बघितलंय. मागच्या वेळी आम्ही सगळे झोपलेले असताना तू शाल गुंडाळून बाल्कनीत बसायचीस, मलाक्काच्या सामुद्रधुनीत ही एवढी कंटेनरची जहाजं एकामागून एक, आणि तू त्या छोट्या डायरीत त्यांची नावं लिहायचीस, नाव दिसलं नाही तर नुसता रंग, "लाल, वर पांढरी पट्टी, खूप लांब". ती डायरी अजून माझ्याकडे आहे, निम्मी कोरी आहे.

तर मी काय काय बघून ठेवलंय ते सांगते. सिंगापूरहून सुटायचं, इथेच मरीना बेच्या क्रूझ सेंटरवरून, म्हणजे आमच्या घरून टॅक्सीने सरळ टर्मिनलला. सामुद्रधुनीत एका बाजूला मलेशिया आणि दुसऱ्या बाजूला सुमात्रा, त्यामुळे भर समुद्रासारख्या लाटा तिथे सहसा नसतात. कधी पहाटे जोराचा वारा-पाऊस येतो, तासा-दोन तासात जातो, तेवढा वेळ खोलीत बसून राहायचं. खोली खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्यावर घेऊ, टोकाला आणि वरती जास्त हलतं.

आता बंदरांचं. बाबा, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून मालवणला जायचात तेव्हा बोट आत समुद्रात उभी राहायची आणि मग पडावात उतरायचं, तुम्ही कसे उडी मारायचात ते किती वेळा ऐकलंय आम्ही. क्रूझवर पण कितीतरी ठिकाणी तसंच आहे, बोट लांब नांगर टाकते आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात, त्याला टेंडर म्हणतात. मलाक्का शहराला तसं, फुकेतला पातोंगसमोर तसंच. दोन्ही बोटी हलत असताना मधल्या फटीवरून पाय टाकायचा, तो आईने यंदा टाकायचा नाही, मी टाकू देणार नाही. म्हणून ज्या फेरीत बोट थेट धक्क्याला लागते तीच घ्यायची. मलेशियातल्या पेनांग बेटाला तशी लागते, स्वेटनहॅम पिअर या धक्क्याला, आणि उतरलं की समोर तिथलं जुनं शहर, जॉर्जटाउनच.

जॉर्जटाउन तुम्हाला दोघांना फार आवडेल. मलाक्का आणि जॉर्जटाउन दोन्ही शहरं २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली, बाबांना ते वाचायला खूप मिळेल. धक्क्यापासून लिटल इंडिया अगदी जवळ, तिथे १८३३ सालचं मरिअम्मनचं देऊळ आहे, फुलवाल्या, साड्यांची दुकानं, फिल्टर कॉफी. पण एक आहे, तिथल्या जुन्या दुकानांपुढे ज्या पडव्या आहेत, फाइव्ह-फूट वे म्हणतात, त्यांची जमीन सलग नाही, दर दुकानागणिक पायरी वर नाहीतर खाली, वर चकचकीत जुन्या लाद्या, आणि बाजूला गटार. काठी घेऊन चालायला ती जागा वाईट आहे. म्हणून तिथे पायी फिरायचंच नाही, गाडी करून देवळाच्या दाराशी उतरायचं, दर्शन, कॉफी, आणि परत. जास्त काही बघायची घाई नकोच. पेनांग हिलला रेल्वे वर जाते, १९२३ सालापासून चालू आहे, डबे आता नवीन आहेत, पण तिथे गर्दी असली तर तेही सोडून देऊ.

खोलीबद्दल. आई, तुला आठवतंय ना मागच्या खोलीत बाथरूमला केवढा उंबरठा होता, तिथेच मला सगळ्यात भीती वाटते कारण तू पडलीस तीही बाथरूममध्येच. यावेळी ॲक्सेसिबल खोली घेऊया, दार रुंद, उंबरठा नाही, अंघोळीला बसायचं स्टूल, भिंतीला धरायला दांडे, कमोड उंच. या खोल्या बोटीवर मोजक्याच असतात आणि लवकर जातात, म्हणून मी आत्ता मागे लागलेय. व्हीलचेअर पण नेऊया, आपली स्वतःची, घडी होणारी. बोटवाले बहुतेक फक्त चढता-उतरताना देतात, दिवसभर नाही. ती वापरायलाच पाहिजे असं नाही गं, लांबच्या लांब कॉरिडॉर असतात, दमलीस तर असावी. आणि पहिल्या दिवशी ते मस्टर ड्रिल असतं, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्याची तालीम, तेव्हा त्यांना सांगून ठेवायचं की आईला जिन्यावर मदत लागेल, कारण आग वगैरे लागली तर लिफ्ट वापरायची नसते. त्यात लाज कसली, ती त्यांची रोजची कामं आहेत.

तिकडून निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून एक इंग्लिश पत्र घ्या, ऑपरेशन काय झालं, कधी, गोळ्या कुठल्या. विमान साडेपाच तासांचं आहे, रक्ताची गाठ होऊ नये म्हणून मोजे किंवा गोळी लागेल का हे त्यांनाच विचारा, आणि विमानात पावलं हलवत राहायची, मध्ये उठून दोन फेऱ्या. विमानतळावर खुब्यातला धातू मशीनमध्ये वाजू शकतो, आधीच सांगायचं, घाबरायचं नाही. ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या फॉर्मवर ऑपरेशन लिहायचंच, बाबा, तिथे अजिबात लपवाछपवी नको, बोटीवरचा डॉक्टर खूप महाग पडतो आणि माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारला तर काय उपयोग. बोटीच्या आधी आठवडाभर इथे राहा, विमानाचा शीण जाऊ दे.

आणि बाबा, एक तुमच्यासाठी, रागवू नका. व्हिडिओवर मी बघते, ती उठली की तुम्ही लगेच दंड धरता. प्रेमाने धरता, कळतं मला. ती पडली त्या रात्री तुम्ही एकटे होतात, ते तुमच्या मनातून गेलं नाहीये, माझ्या पण नाही. पण ती काठी डाव्या हातात घेऊन, उजवा पाय बरोबर टाकत छान चालते आता, फिजिओ ताईंनी तिला मोकळं चालू द्या असं तुमच्यासमोरच सांगितलंय. तुम्ही धरलंत की तिचा तोल तुमच्यावर येतो आणि तिला वाटतं आपण अजून आजारीच आहोत. शेजारून चाला, हात मोकळा ठेवा. आई ते संपलं संपलं म्हणते ना त्याच्यामागे हे पण थोडं आहे असं मला वाटतं.

आई, तुला नकोच असेल तर मी आग्रह करणार नाही. पण पाय दुखतो म्हणून नको, का आमच्यावर भार नको म्हणून नको, ते मला खरं सांग. भाराचं असेल तर ते कारण मी मानत नाही. मुलं तर आजीच्या शेजारची खुर्ची कुणाची यावरून आत्ताच भांडतायत.

मी ती खोली रविवारपर्यंत धरून ठेवायला सांगितलीय. बाबा, दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो पाठवा, सहा महिन्यांची मुदत शिल्लक आहे ना तेवढं बघा. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा लागेल, बोट परत इथेच येते म्हणून, ते मी बघते. आणि आईचे ते मागे पट्टा असलेले बूट घाला बॅगेत, चपला नकोत.

तुमची,
मनू