एप्रिलमधला ट्रेड

प्रिय मित्र श्रीकांत यास,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री आपल्या फॅन्टसी बेसबॉल लीगमधला (खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करून त्यांच्या खऱ्या आकड्यांवर चुरस लावण्याच्या आपल्या खेळातला) तुझा ट्रेडचा, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचा, प्रस्ताव मिळाला. ड्राफ्टच्या, म्हणजे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीत ज्याला घेतल्यावर तू आम्हा अकरा जणांना दिवसभर चिडवत होतास, तोच खेळाडू अवघ्या साडेतीन आठवड्यांत तुला नकोसा झाला आहे, आणि त्याच्या बदल्यात तू माझ्याकडचा असा एक फलंदाज मागतो आहेस, ज्याचे नाव मार्चमध्ये आपल्यापैकी कोणाच्याही यादीत नव्हते. तुझ्या त्या खेळाडूचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही. आधीच त्याला कोणाची तरी नजर लागली आहे.

त्याचे आकडे मी पाहिले. ८० अ‍ॅट-बॅटमध्ये (फलंदाजीच्या संधींत) १६ हिट (बेसवर पोहोचवणारे फटके), म्हणजे ०.२०० चे अ‍ॅव्हरेज. त्याच ८० मध्ये २२ हिट असते तर ते ०.२७५ झाले असते आणि तू हा प्रस्ताव पाठवलाच नसतास. सारा फरक सहा चेंडूंचा आहे, आणि त्यातले दोन तरी शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षकाच्या हातात सरळ गेलेले मी स्वतः पाहिले आहेत. अभ्यासकांच्या हिशोबाप्रमाणे स्ट्राइकआउटचे (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचे) प्रमाण साधारण ६० वेळा प्लेटवर, म्हणजे फलंदाजीला, आल्यानंतर विश्वासार्ह होऊ लागते. बॅटिंग अ‍ॅव्हरेजला मात्र ९०० हून अधिक अ‍ॅट-बॅट लागतात, म्हणजे दीड हंगामापेक्षाही जास्त. तुझा गडी पूर्वीपेक्षा अधिक स्ट्राइकआउट होत नाही, वॉकही (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा फुकटचा बेस) नेहमीइतकेच घेतो आणि चेंडू पूर्वीइतकाच जोरात मारतो. मग बिघडले काय?

आपण दोघेही क्रिकेटवर वाढलो, आणि मला वाटते आपली अधीरता तिथूनच आली आहे. तिथे फलंदाज बाद झाला की त्या डावापुरता संपला, आणि तीन कसोट्यांत अपयशी ठरला की त्याला वगळण्याची चर्चा सुरू होते. इथे हंगामात सामने १६२ आहेत, जवळजवळ रोज आणि दिवसातून चार-पाच वेळा संधी मिळते, आणि दहांपैकी सात वेळा अपयशी ठरणारा माणूस उत्तम मानला जातो.

न्यूयॉर्क मेट्सचा २०२४ चा फ्रान्सिस्को लिंडोर आठव. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातही त्याचे अ‍ॅव्हरेज ०.२०० च्या खाली होते. आम्ही मेट्सचे प्रेक्षक एरवी फार सहनशील नाही, पण त्या एप्रिलमध्ये सिटी फील्डवर, म्हणजे मेट्सच्या मैदानावर, लोकांनी हूटिंग करण्याऐवजी उभे राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर ०.२७३, ३३ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) आणि २९ स्टोलन बेस (धावत चोरलेले बेस) होते, आणि नॅशनल लीगच्या एमव्हीपीच्या, म्हणजे सर्वांत मोलाच्या खेळाडूच्या, मतदानात तो दुसरा आला.

मी मात्र त्या प्रेक्षकांइतका शहाणा कधीच नव्हतो. २०२१ मध्ये टोरोंटोकडून ४५ होमरन मारणारा मार्कस सेमियन पुढच्या वर्षी टेक्सासला गेला आणि मे महिना संपत आला तरी त्याची होमरनची पाटी कोरीच होती. रोज रात्री त्याच्या नावापुढचे शून्य पाहून वैतागलेल्या मी त्याला सरळ ड्रॉप केले. २८ मे रोजी त्याने पहिला होमरन मारला, आणि वर्षअखेरीस २६ होमरन व २५ स्टोलन बेस केले. वेव्हरवरून, म्हणजे सोडून दिलेल्या खेळाडूंच्या यादीतून, त्याला उचलणारा तूच होतास. तू हे विसरला असशील. मी विसरलेलो नाही.

आता माझ्या ज्या फलंदाजावर तू भाळला आहेस, त्याच्याबद्दल. २००६ मध्ये डेट्रॉइटच्या ख्रिस शेल्टनने पहिल्या १३ सामन्यांत ९ होमरन मारले होते. त्या पूर्ण वर्षात त्याचे एकूण होमरन १६ झाले, आणि जुलैअखेरीस संघाने त्याला मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावर, पाठवले. माझा गडी शेल्टनच निघेल असे मी म्हणत नाही, पण त्याचा एप्रिल विकत घ्यायला निघालेला तू पहिला नाहीस.

प्रत्येक वेळी हातावर हात ठेवून बसावे, असेही माझे मत नाही. पिचरच्या (बेसबॉलमधल्या गोलंदाजाच्या) फास्टबॉलचा वेग ताशी दोन-तीन मैलांनी उतरला असेल, क्लोजरचे (सामना संपवणाऱ्या पिचरचे) काम दुसऱ्याकडे गेले असेल किंवा फलंदाज मनगटाला पट्टी बांधून खेळत असेल, तर धीर धरण्यात काही अर्थ नाही. तुझा तो दुसरा पिचर खुशाल ड्रॉप कर. त्याच्याबद्दल मी एक शब्दही बोलणार नाही.

हा प्रस्ताव मी अजून स्वीकारलेला नाही आणि नाकारलेलाही नाही. सोमवारी रात्रीपर्यंत तो तू स्वतः मागे घे. मंगळवारी सकाळी चहा घेताना मला तो तसाच दिसला तर मी स्वीकारणार, आणि मग सप्टेंबरमध्ये आपली मैत्री मध्ये आणायची नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश