बोटीचं नाव नको, नंबर पाठव

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, सोबतचा ऑफर लेटरचा फोटोही बघितला. तुझ्या ओंकारच्या त्या कागदावर बोटीचं नाव आहे, पगार आहे, दुबईला जॉइन व्हायचं हेही आहे. बोटीचा सात आकडी आयएमओ नंबर, म्हणजे आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, मात्र कुठेच नाही. एजंट म्हणाला म्हणे, "थोडा सँक्शनवाला, म्हणजे निर्बंध घातलेला, माल असतो, पण खलाशाला त्याचं काय?" तू मलाही तेच विचारलंयस, तेव्हा जरा लांबण लावतो.

नंबरापासून सुरू करतो, कारण अशा बोटींचं बाकी सगळं बदलतं. नाव बदलतं, झेंडा बदलतो, मालक म्हणून दाखवलेली कंपनी वर्षात दोनदा बदलते. आयएमओ नंबर बोट बांधताना मिळतो आणि ती भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. तो बाहेरून किमान २० सेंटिमीटर उंचीच्या आकड्यांत आणि आत, बहुधा इंजिनरूमच्या भिंतीवर, कायमचा उमटवलेला असावा लागतो. नुसता रंगवून चालत नाही. जुन्या टँकरच्या मागच्या बाजूचा फोटो तिरप्या उन्हात काढलेला असेल, तर ताज्या रंगाखालून आधीच्या नावाची वेल्डिंगने उठवलेली अक्षरंही वाचता येतात.

नंबर खरा की बनावट, हे कागद-पेन्सिलीने कळतं. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे सातवा आकडा. उदाहरणार्थ ७९३७३१७. गुणाकार येतात ४९, ५४, १५, २८, ९ आणि २. बेरीज १५७, शेवटी ७, जमलं. हा नंबर 'चोंग चोन गांग' या उत्तर कोरियन बोटीचा. तिची गोष्ट पुढे येईल. पण नुसतं गणित जमलं म्हणून भागत नाही. भंगारात गेलेल्या बोटीचा खरा नंबर दुसरीनं वापरल्याचेही प्रकार झालेत. म्हणून तो इक्वासिस या बोटींच्या माहितीच्या वेबसाइटवर टाकून बघ. फुकट आहे, फक्त नाव नोंदवावं लागतं. बांधणीचं वर्ष, मालक, क्लास (म्हणजे बोटीची तांत्रिक तपासणी करणारी संस्था), विमा आणि कुठल्या बंदरात काय दोष निघाले, सगळं एका पानावर येतं.

मग झेंडा बघ, म्हणजे बोट कुठल्या देशात नोंदलीय ते. गॅबॉन, कॅमेरून, कोमोरोस, कुक आयलंड्स ही नावं वाईट नाहीत, पण पंधरा-वीस वर्षांचा टँकर अचानक तिथे नोंदला गेला असेल तर आधीच्या देशाने त्याला का काढला, हे विचारायचं. याहून वाईट म्हणजे खोटा झेंडा. कागदावर देशाचा शिक्का असतो आणि त्या देशाच्या दप्तरी बोटच नसते. एप्रिल २०२५ मध्ये एस्टोनियाने 'किवाला' टँकर अडवला, तो नेमका असा. देशाची नोंद नसलेल्या बोटीला समुद्रात कुणीही नौदल थांबवून तपासू शकतं, आणि खलाशाच्या बाजूने बोलायला झेंड्याचा देशच उरत नाही. जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकेने अटलांटिकात पकडलेल्या 'बेला १'ने तर पाठलाग चालू असताना नाव बदललं आणि अंगावर रशियाचा झेंडा रंगवला. तिच्यावर तिघे भारतीय होते.

आता विमा. जगातल्या समुद्री टनेजपैकी सुमारे नव्वद टक्के बोटींचा जबाबदारीचा विमा, म्हणजे पी अँड आय, एकाच गटातल्या बारा क्लबांकडे असतो. रशियन तेलावर डिसेंबर २०२२ मध्ये जी-७ देशांनी बॅरलला ६० डॉलरची मर्यादा घातली (युरोपने ती सप्टेंबर २०२५ मध्ये ४७.६० वर आणली), तिचा काटा याच विम्यात आहे. त्याहून महाग तेल नेलं तर या क्लबांचा विमा मिळत नाही. म्हणून जुने टँकर गोळा झाले, नाव न ऐकलेल्या कंपन्यांचे विमे आले, आणि आपण ज्याला 'शॅडो फ्लीट' म्हणतो ते उभं राहिलं. दोन हजार टनांहून जास्त तेल नेणाऱ्या टँकरकडे प्रदूषणाच्या भरपाईचं प्रमाणपत्र असावंच लागतं. ते कुणी दिलंय आणि तो क्लब त्या बारांत आहे का, एवढं विचारलं तरी बरंच कळतं. क्लबांच्या वेबसाइटवर बोटीचं नाव टाकून शोधता येतं.

विम्याने खलाशाला काय फरक पडतो, ते 'पाब्लो'वरून घे. १ मे २०२३ ला मलेशियाच्या किनाऱ्याजवळ या गॅबॉनच्या झेंड्याखालच्या टँकरचा स्फोट झाला. बांधणी १९९७ ची. अठ्ठावीस माणसं होती, पंचवीस वाचली, तिघं सापडली नाहीत, त्यांत दोन भारतीय. तेल चीनमध्ये उतरवून बोट रिकामी परतत होती. लोकांना वाटतं रिकामा टँकर सुरक्षित. उलट आहे. भरलेल्या टाकीत वाफेला जागाच थोडी. रिकाम्या टाकीत तेलाची वाफ आणि हवा मिसळते, ठिणगीचीच वाट बघत. ती मिसळू नये म्हणून टाकीत इनर्ट गॅस, म्हणजे न पेटणारा वायू, सोडून ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या खाली ठेवतात. ती यंत्रणा महागडी, तिचे स्क्रबर आणि ब्लोअर गंजतात, आणि दोन वर्षांत भंगारात काढायच्या बोटीवर कुणी खर्च करत नाही. 'पाब्लो'चा सांगाडा नंतर महिनोन्‌महिने तसाच पडून होता, हात वर करायला मालकही पुढे आला नाही.

तेल दडवायची नेहमीची जागा म्हणजे भर समुद्र. ग्रीसजवळचा लाकोनियाचा आखात, सेउटासमोर, मलेशियाच्या पूर्वेला बंदराच्या हद्दीबाहेर, अशा ठिकाणी दोन टँकर शेजारी बांधून माल एकीतून दुसरीत करतात. हे काम स्वतः बेकायदा नाही, रीतसर कंपन्याही करतात. मधे साडेसहा मीटर लांबीचे, सव्वातीन मीटर जाडीचे चार रबरी फेंडर (दोन बोटी आपटू नयेत म्हणून फुगवलेल्या गाद्या), मधल्या मॅनिफोल्डला, म्हणजे पाइप जोडायच्या जागेला, होजपाइप, आणि एका अफ्रामॅक्सचा, म्हणजे लाखभर टनांच्या टँकरचा, माल हलायला साधारण एक दिवस. गडबड होते ती टग (बोटीला ढकलणारी-ओढणारी छोटी बोट) नसताना, रात्री, हवा कमी झालेल्या फेंडरवर. फेंडर फुटला की लोखंडावर लोखंड.

एआयएस, म्हणजे बोट कुठे आहे ते सतत कळवणारं यंत्र, बंद ठेवणं ही ठरलेली खूण, पण ती एकटी पुरेशी नाही. चाच्यांच्या भागात कॅप्टन कायद्यानेच तो बंद ठेवू शकतो. मी ड्राफ्टकडे, म्हणजे बोट पाण्यात किती बुडालीय त्याकडे, आधी बघतो. एआयएस दर सहा मिनिटांनी नाव, नंबर आणि ड्राफ्ट पाठवतो. ड्राफ्ट हाताने भरलेला असतो, म्हणजे खोटाही भरता येतो, पण उपग्रहाच्या फोटोत बोट किती बुडालीय ते दिसतंच. अफ्रामॅक्स एक सेंटिमीटर बुडायला नव्वद टनांच्या आसपास माल लागतो. सिग्नल दोन दिवस गेला आणि परत आला तेव्हा बोट सहा मीटर वर आली असेल, तर चोपन्न हजार टन कुठेतरी उतरलंय. बंदर मात्र कागदावर एकही नाही.

तू हत्यारांचंही विचारलंस. तिथे ड्राफ्ट कामाचा नाही. मार्च २०१४ मध्ये इस्रायलने तांबड्या समुद्रात 'क्लोस सी' अडवली. सिमेंटच्या पोत्यांआड चाळीस एम-३०२ रॉकेट्स निघाली, प्रत्येकी पाऊण टनाच्या आसपास. म्हणजे एकूण तीस टन. एवढ्याने त्या आकाराची बोट एक-दोन सेंटिमीटर बुडेल, लाटेत ते कुणाला दिसणार? हत्यारं सापडतात ती खबरीमुळे किंवा कागद आणि माल जुळत नाही म्हणून. इस्रायलच्या म्हणण्याप्रमाणे बोट आधी इराणहून इराकला गेली होती आणि सिमेंट तिथे चढलं.

'चोंग चोन गांग'चं तसंच. जुलै २०१३, पनामा कालवा. वर क्यूबाची साखर, दोन लाखांहून जास्त पोती, आणि खाली पंचवीस कंटेनरांत दोन मिग-२१ आणि त्यांची पंधरा इंजिनं. पोती हातानं उपसावी लागली, कारण खलाशांनी क्रेन निकामी करून ठेवल्या होत्या. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी ती बोट चालवणाऱ्या कंपनीला यादीत टाकलं, तसं कंपनीने आपल्या बोटींची नावं धडाधड बदलली. नंबर बदलता आले नाहीत. आपल्याकडे याच्याही आधी, १९९९ मध्ये, कांडल्याला 'कुवोलसान' पकडली होती. तिच्यावरही साखरच, आणि पाणी शुद्ध करायची यंत्रं म्हणून दाखवलेल्या पेट्यांत क्षेपणास्त्र बनवायचे भाग. साखर का, याचं उत्तर साधं आहे. पोती रचता येतात, स्वस्त असतात, आणि होल्ड, म्हणजे माल ठेवायची खोल जागा, पूर्ण उपसल्याशिवाय तळ दिसत नाही.

व्यापारी बोटच का, नौदलाची का नाही? तुर्कस्तानने २८ फेब्रुवारी २०२२ ला माँत्रो करार लावून लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना बॉस्फोरस, म्हणजे काळ्या समुद्रात जायची सामुद्रधुनी, बंद केला. व्यापारी बोटींना तो करार अडवत नाही. मग रशियाची सीरियाशी लष्करी मालाची ने-आण 'स्पार्टा २'सारख्या बोटींवर आली. उत्तर कोरियातल्या राजिनहून रशियाच्या पूर्व किनाऱ्यावर कंटेनर नेणारी 'अंगारा'ही व्यापारीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेने उपग्रहाचे फोटो दाखवून सांगितलं, हजारावर कंटेनर गेलेत.

प्रत्येक वेळी संशय खरा ठरतो असंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये 'लेडी आर' एआयएस बंद करून दक्षिण आफ्रिकेच्या सायमन्स टाउन या नौदलाच्या बंदरात रात्री लागली. अमेरिकन राजदूताने रशियासाठी हत्यारं चढवल्याचा आरोप केला. चौकशी समितीला मात्र चढवल्याचा पुरावा मिळाला नाही. दक्षिण आफ्रिकेच्याच सैन्याने मागवलेला माल उतरवला होता, असं समितीने म्हटलं.

आणि न्हावा शेवा तुझ्या घरापासून कितीसं लांब? २३ जानेवारी २०२४ ला कराचीला निघालेल्या एका मोठ्या कंटेनर बोटीवरून २२,१८० किलोचा माल उतरवून तपासला. आत इटालियन सीएनसी मशीन, म्हणजे संगणकावर चालणारं, शस्त्रांचे भाग बनवायलाही वापरता येणारं यंत्र. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे मालाच्या वाहतुकीच्या कागदावर, पाठवणारा आणि घेणारा वेगळा, प्रत्यक्षातले वेगळे, असं आपल्या अधिकाऱ्यांचं म्हणणं. पाकिस्तान म्हणतं ते साधं लेथ होतं. हजारो डब्यांमधला एक डबा. त्या बोटीवरच्या कुणाला काय ठाऊक असणार?

खलाशाला धोका नेमका इथेच आहे. स्फोटकं जाहीर करून नेली तर नारिंगी लेबल लागतं, गट पाडले जातात, कुठला गट कुठल्याजवळ नको हे ठरतं, इंजिनरूम आणि राहायच्या जागेपासून ती लांब ठेवतात. आग लागली तर काय करायचं ते लिहिलेलं असतं. लपवून नेली तर यातलं काहीच नाही. मुंबईला हे समजावायला नको. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, 'फोर्ट स्टिकीन'. सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्याच बोटीवर कराचीहून चढवलेल्या कापसाच्या ८,७०० गासड्या. तिथे तर माल लपवलेलाही नव्हता, युद्धाच्या घाईत रचलेला होता. दुपारी आग लागली, होल्डमध्ये शेकडो टन पाणी ओतलं, आणि चारच्या सुमारास पहिला स्फोट. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले.

आता ओंकार. एजंट म्हणतो ते अर्धं खरं आहे. भारत संयुक्त राष्ट्रांचेच निर्बंध मानतो, एकट्या अमेरिकेचे किंवा युरोपचे नाही, त्यामुळे नुसत्या त्या निर्बंधांवरून इथे त्याच्यावर गुन्हा लागणार नाही. पण बोट इथे थांबत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये 'ईगल एस'ने बाल्टिकमध्ये नांगर फरफटत नेऊन वीजवाहिनी तोडल्याचा आरोप झाला. फिनलंडने तपासणीत बोटीवर ३२ दोष काढले, आणि खटला चालला तो अधिकाऱ्यांवर. त्यांत एक भारतीय. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्ट म्हणालं हे आमच्या अधिकारात येत नाही. मधले कित्येक महिने ती माणसं अडकलेली. मालकावर आरोप ठेवलाच नव्हता.

आणि पगार. आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या जागतिक संघटनेच्या नोंदीप्रमाणे २०२४ मध्ये ३१२ बोटींवर ३,१३३ खलाशी मालकांनी वाऱ्यावर सोडले, त्यांत सगळ्यांत जास्त, ८९९, भारतीय. दोन महिन्यांचा पगार थकला की नियमाप्रमाणे ते 'अबँडनमेंट' धरतात आणि विमा चार महिन्यांपर्यंतचा पगार, जेवण, परतीचं तिकीट देतो. त्या विम्याचं प्रमाणपत्र बोटीवर लावलेलं असावं लागतं. विमाच खोटा असेल तर तोही कागदच.

तेव्हा त्याला सांग. एजंटकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याचं, आरपीएसएल (खलाशी भरतीचं) लायसन्स आहे का, ते त्यांच्या वेबसाइटवर नंबर टाकून बघायचं, एजंटने पाठवलेल्या फोटोवर नाही. पैसे मागितले तर तिथेच थांबायचं. नोकरीसाठी खलाशाकडून पैसे घ्यायला मनाई आहे. कॉन्ट्रॅक्टवर मालकाचं नाव आणि पत्ता हवा, नुसता मॅनेजर नको. दुबईला व्हिजिट व्हिसावर जाऊन तिथे कॉन्ट्रॅक्ट देतो म्हणत असतील तर जाऊच नको म्हणावं. निघण्याआधी इथूनच सही झालेली प्रत, आयएमओ नंबर, पी अँड आय क्लबचं नाव, तिन्ही हातात पाहिजेत. तीन दिवसांत देत नसतील तर दुसरी बोट बघ म्हण. रेटिंगच्या, म्हणजे साध्या खलाशाच्या, जागा कमी आहेत हे मलाही कळतं, वर्षभर घरी बसलेल्या पोराला थांब म्हणणं सोपं नाही.

पासपोर्ट अजून त्याच्याकडेच आहे ना? असेल तर एजंटच्या ऑफिसात ठेवायला देऊ नको. तो सात आकडी नंबर मिळाला की रात्री कितीही वाजता मेसेज कर.

वहिनींना नमस्कार, ओंकारला आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश