उपवासाच्या पानावर आम्हालाही थोडी जागा द्या

मा. संपादक, स.न.वि.वि.

हरतालिका जवळ आली की तुमच्या पुरवणीत उपवासाच्या रेसिपी येतात, मी कापून ठेवते, पण आता वजन कमी करायचं ऑपरेशन केलेले आमच्यासारखे लोकही बरेच झालेत आणि त्यांच्यासाठी एक ओळ पण नसते. माझी स्लीव्ह झालीय, म्हणजे जठराचा जवळपास 80 टक्के भाग काढून टाकलाय. आठ महिन्यांनी हरतालिका आली, सासूबाई खरं तर काही बोलल्या नव्हत्या, मीच निर्जळी धरली, बावीस वर्षं मोडली नाही म्हणून. दुपारी चारला चक्कर आणि रात्री सलाईन. डॉक्टर म्हणाले, अहो जेवण एक वेळ राहू दे, पण पाणी का सोडलंत?

कारण आम्हाला तांब्याभर पाणी एकदम पिऊन भरपाई करता येत नाही. घोट घोट करत दिवसभरात दीड-दोन लिटर जावं लागतं, तेही जेवताना नाही, जेवल्यावर अर्धा तास थांबून, मग रात्रीपर्यंत कोरडं राहिलं तर ते भरून निघणार कधी?

दुसरं म्हणजे साबुदाणा. रोज निदान 60 ग्रॅम प्रोटीन लागतं आणि साबुदाण्यात ते नावालाच, नुसता स्टार्च. चार घास खिचडीनेच पोट गच्च, मग दूध-दह्याला जागा कुठे? पोटाची बायपास (हृदयाची नव्हे, तेही वजनाचंच ऑपरेशन) झालेल्यांना तर गोड शिऱ्याने, खजुराने घाम फुटतो, धडधडतं, त्याला डम्पिंग म्हणतात. एकादशी दुप्पट खाशी आमच्या नशिबात नाही, हसू नका.

मला पहिलं दीड वर्ष उपवास बंदच होते (हे नंतर कळलं, आधी विचारलंच नव्हतं ना). आता धरते पण पाणी चालू, व्हिटॅमिन-कॅल्शियमच्या गोळ्या चालू, आणि पनीर, दही, दूध आधी खाऊन मग दोन चमचे भगर नि शेंगदाण्याची आमटी. शुगरच्या गोळ्या असतील त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरूच नये. आमच्या गुरुजींनाही विचारलं, ते म्हणाले आजाऱ्याला सूट असतेच, पाणी प्या खुशाल.

तर यंदा रेसिपीखाली प्रोटीन किती तेवढं छापा. आमटीची कृती मी पाठवते, फक्त फोटो साबुदाणा वड्याचा लावू नका.

एक वाचक, नाशिक