‘नाही दिसलं’ म्हणणारीवर विश्वास ठेवलात, काका

काका, सप्रेम नमस्कार.

पत्राला पंधरा दिवस उशीर झाला. चार वेळा लिहायला घेतलं आणि चारही वेळा ते सत्काराचं भाषण व्हायला लागलं. आता जसं सुचेल तसं लिहितो.

आमच्या माण तालुक्यात पाऊस कमी, पण अंधार भरपूर. एवढं चांगलं आकाश असून पोरांना ते धड दाखवणारं कुणी भेटलं नव्हतं. मागच्या वर्षी माणशी ५० रुपये घेऊन एक मंडळी आली होती. नाव घेत नाही. अर्धा तास दुर्बिणीची किंमत सांगण्यात गेला, मग ‘बघितलं? चल, पुढं हो’. आमची एक मुलगी ‘नाही दिसलं’ म्हणाली, तर ‘डोळे तपासून घे’ म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो होतो, काका.

माघातल्या अमावस्येला तुम्ही साताऱ्याहून दुर्बीण गोधडीत गुंडाळून घेऊन आलात. रांगेत तीच मुलगी, आता सातवीत. बराच वेळ डोळा लावून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, ‘नाही दिसत.’ मागं खुसखुस सुरू झाली. तुम्ही खाली वाकून स्वतः बघितलंत आणि म्हणालात, ‘बरोबर आहे बाळ. यात काहीच नाही. गुरू कधीचाच निघून गेलाय.’

तिच्या आधी ‘दिसलं, दिसलं’ करत गेलेल्या चौघांचे चेहरे अंधारातही बघण्यासारखे झाले असणार!

पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते आणि दुर्बिणीत जेमतेम अर्ध्या अंशाचं आकाश मावतं, म्हणजे दोन मिनिटांत गुरू बाहेर. हे मी सहा वर्षं फळ्यावर पृथ्वीगोल काढून शिकवतोय. त्या रात्री ते पहिल्यांदा पोरांपर्यंत पोचलं. मग तुम्ही तिचा हात नळीवर ठेवलात. ‘स्टेअरिंग तुझ्याकडं. शोध त्याला.’ तुमच्यातला एसटीचा ड्रायव्हर काही सुटत नाही. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, त्यामुळं नळी कुठं सरकवायची हे तिला लवकर उमगेना. रांग थांबली. मी दोनदा घड्याळ बघितलं, तुम्ही एकदाही नाही. आणि मग ती ओरडली, ‘घावला!’

त्यानंतर मृगाचा बाण, कृत्तिकांचा पुंजका, हात ताठ धरून मुठी मोजत क्षितिजापासून पावणेदोन मुठींवर सापडलेला ध्रुव, सगळंच छान झालं. खिचडीवाल्या मावशींनी सप्तर्षींना ‘ही तर म्हातारीची बाज, आन् हे तीन चोर’ म्हटल्यावर तुम्ही बॅटरी त्यांच्या हातात दिलीत, ‘तुम्हीच सांगा’ म्हणून. ज्याला येतं तो दुसऱ्याला बोलू देतो, हे आमच्या प्रशिक्षणांत कधी बघायला मिळालं नव्हतं.

सोबत पोरांची चित्रं पाठवतोय. आठ वाजताचा गुरू आणि साडेदहाचा, शेजारी त्याच्या चंद्रांचे ठिपके. ठिपके सरकलेत हे त्यांनीच ओळखलं. गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत हेच केलं होतं, हे मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी सांगितलं.

एक तक्रार मात्र आहे. ती मुलगी आता गणिताच्या तासाला हात वर करून ‘सर, नाही समजलं’ म्हणते. तिचं बघून आणखी तिघंजण. अपूर्णांक दोन दिवस लांबलेत. दोष तुमचा.

तुमचा,
माणमधला मास्तर