सिंहस्थातही रेडिएशनचा एक दिवस चुकता कामा नये

मा. संपादक,
स. न.

नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीच्या बातम्या आपल्या अंकात रोज येतात. घाट, रस्ते, वाहनतळ, भाविकांचा मुक्काम, सगळ्यावर चर्चा चालू आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पर्वण्या, म्हणजे मुख्य स्नानाचे दिवस. त्या दिवसांत शहरातले रस्ते बंद राहणार, हे ओघानं आलंच. मात्र तोंडाच्या कॅन्सरसाठी रोज रेडिएशन घ्यायला येणाऱ्या माणसांचा उल्लेख मला अजून कुठल्या नियोजनात दिसला नाही.

माझ्या आईचं ऑपरेशन आणि त्यानंतरचं रेडिएशन नाशिकमध्येच झालं. आयुष्यभर तंबाखूची मशेरी लावायची सवय. ऑपरेशननंतरचा कोर्स साधारण ३० ते ३३ वेळांचा असतो, सोमवार ते शुक्रवार रोज, म्हणजे सहा-साडेसहा आठवडे. मशीनखाली काही मिनिटंच जातात, पण ती रोज जायला हवीत. मध्ये खंड पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना वाढायला सवड मिळते आणि झालेल्या उपचाराचा जोर कमी होतो. एखाद्या लग्नासाठी किंवा सणासाठी दोन दिवस सुट्टी घेतली तर काय बिघडतं, असं नातेवाईक सहज म्हणतात. बिघडतं, आणि ते नंतर भरून काढणं अवघड असतं.

पहिला आठवडा बरा जातो. चेहऱ्यावर जाळीचा मास्क घट्ट बसवून तो टेबलाला अडकवतात, त्याची भीती दोन-तीन दिवसांत जाते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटतं. चव जाते, लाळ आटते आणि चिकट होते, पाण्याचा घोटसुद्धा झोंबतो. रोज सकाळी कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून ठेवायचा आणि दिवसभर तासा-दोन तासांनी आईला गुळण्या करायला लावायच्या, हे घरातलं मुख्य काम झालं होतं. तिखट, आंबट, गरम सगळं बंद. गाळलेली पेज, तूप घालून मिक्सरमधून काढलेला वरणभात, दुधात कुस्करलेलं केळं. तेही नको व्हायचं. वजन उतरायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी नाकातून नळी घालायला सांगितली. "नळी नको गं, नळी म्हणजे संपलंच," आई म्हणाली. येणारे-जाणारेही तेच म्हणत होते. पण नळी पोट भरण्यासाठी असते आणि पोट भरलं तरच माणूस दुसऱ्या दिवशी मशीनपर्यंत चालत जातो. ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांना मी कळकळीनं सांगेन, नळीला घाबरून उपचार अर्धवट सोडू नका. गळ्याची कातडी काळवंडली म्हणून तिथे हळद-तेल लावू नका, डॉक्टर सांगतील तेवढंच लावा. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडायचे व्यायाम दिलेले असतात, ते दुखलं तरी चुकवू नका. आणि कोर्स संपला की लगेच बरं वाटतं असंही नाही. नंतरचे दोन आठवडे उलट जास्त जड जातात, तेव्हा सोबतीची गरज असते आणि नेमकी तेव्हाच "झालं ना आता" म्हणून माणसं पांगतात.

आम्ही शहरात राहतो, रिक्षानं जाऊन घरी परत येता येत होतं. पेठ, सुरगाणा, कळवणकडून येणाऱ्यांचं काय? सोललेल्या तोंडानं, नाकात नळी घेऊन एसटीनं घाटातून यायचं, सीबीएस बसस्थानकावरून रिक्षा करायची आणि संध्याकाळी परत. तिकिटात सवलत आहे, सरकारी योजनेतून उपचारही होतात, पण दीड महिना राहायचं कुठे? रेडिएशन मध्येच सुटतं ते बऱ्याचदा इथे, मजुरी बुडते आणि अंगात रोजच्या प्रवासाचं त्राण उरत नाही तेव्हा.

पंचवटीत इतक्या धर्मशाळा आणि भक्तनिवास आहेत. तिथे सहसा दोन-तीन दिवसांच्या वर राहू देत नाहीत, आणि यात्रेकरूंसाठी तो नियम योग्यही आहे. पण प्रत्येक विश्वस्त मंडळानं एक-दोन खोल्या रेडिएशनच्या रुग्णाला आणि त्याच्या एका सोबत्याला, डॉक्टरांची चिठ्ठी पाहून, कोर्स संपेपर्यंत द्याव्यात. पेज शिजवायला आणि गुळण्यांचं पाणी कोमट करायला एक शेगडी मिळाली तरी पुष्कळ.

प्रशासनाला विनंती अशी की, पर्वणीच्या बंदोबस्तात अशा रुग्णाच्या गाडीला किंवा रिक्षाला रुग्णालयाच्या पत्रावर बॅरिकेडमधून सोडावं आणि नाक्यावरच्या पोलिसांना ते आधीच लेखी कळवावं. अँब्युलन्सला वाट मिळते, पण हे रुग्ण अँब्युलन्सनं येत नाहीत. गळ्याभोवती सुती ओढणी गुंडाळलेली बाई रिक्षात बसलेली असते, तिला बोलता येत नसतं, आणि तिची मशीनची वेळ ठरलेली असते. रुग्णालयांनीही पर्वणीच्या तारखा बघून त्या आठवड्यांचं वेळापत्रक रुग्णांना आधीच द्यावं.

– एक वाचक, सिडको, नाशिक